उभं पीक

"महागूभाऊ, बांधीतून भाईर निंग गा," भैयालाल धुऱ्यावरून ओरडला. "मॅडम मोजून राह्यल्या."

मी बांधीत, धानाच्या खाचरात, गवत उपटत होतो. धान निसवलं होतं, लोंब्या अजून हिरव्या होत्या. पायाखाली पोटरीएवढा चिखल.

"मोजू दे ना. मी काय त्याइच्या मोबाईलात अडकून राह्यलो?"

भैयालाल गावचा कोटवार, सरकारी राखणदार. त्याच्या घराची अन् माझ्या घराची भिंत एकच. आषाढात माझी बायको तुळसा गेली, तेव्हा लाकडं त्यानंच फोडली होती. आज तो माझ्याकडे बघत नव्हता. पटवारी मॅडम नवी होती, माझ्या सासरी गेलेल्या लेकीच्या वयाची. हातात मोबाईल धरून ती चारही धुऱ्यांवरून, बांधीच्या कडांवरून, फिरली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"काका, ये ज़मीन सरकारी है. पंचायत को गोदाम के लिए मिल गई है. आपको खाली करनी पड़ेगी."

"सरकारी कशी? आमी दरसाल लगान भरतो."

"लगान? कहाँ?"

"लांजीले. तहसीलीत. पावत्या हायेत माझ्यापाशी."

मी चिखलाच्या पायानंच घरी गेलो.

ही बांधी आधी नव्हती. तलावाच्या खाली मुरमाड बरड होती, तिथं बकरीसुद्धा थांबत नव्हती. गावातली जुनी माणसं म्हणाली, तुझ्यानं होत असेल तर कर. तुळसानं आणि मी दोन उन्हाळे तलावातला गाळ टोपल्यांनी वाहिला. तिच्या डोक्यावरचे मधले केस तेव्हा गेले ते पुन्हा आले नाहीत. आमच्या गावाचा नियम असा की नवी बांधी झाली, तर पहिल्या सालचं धान गावाचं. ते कांडून, शिजवून आम्ही तलावाच्या पारीवर सगळ्या गावाला जेवू घातलं. सगळे जेवले, हात धुतले, बांधी आमची झाली.

तीन वर्षांनी तहसीलीचा एक बाबू आला. त्यानं पैसे मागितले आणि कागद दिला. मी भांडायला उठलो. "गाळ आमी वाह्यला, याले कायचे पैसे?"

तुळसानं मला मागं ओढलं. "द्या ना. ज्याचं काहीच नाही, त्याच्यापासून सरकार कायले घेईन? घेतलं म्हणजे मानलं."

तिचं म्हणणं मला पटलं. मी दुसरीत शाळा सोडली होती, ती शाळेत गेलीच नव्हती. त्यानंतर दरसाल ती स्वतः लांजीला जायची, पावतीही तिच्याच नावानं निघायची. पावती म्हणजे तिला सणासारखी. यंदा आषाढात तिच्या अंगात ताप होता. मी म्हटलं, आधी दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "पयले पावती. एका दिवसानं काय होते?" बालाघाटला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. चौथ्या दिवशी तिला घेऊन परत आलो.

घरून आणलेल्या पावत्या मी मॅडमच्या हातात दिल्या. तिनं पहिली वाचली, दुसरी वाचली. मग मधल्या न वाचता एकदम शेवटची वाचली.

"काका, ये किसी ने आपको पढ़ के नहीं बताया?"

"काय?"

"ये लगान नहीं है. जुर्माना है. बेजा कब्ज़े का."

मी भैयालालकडे पाहिलं. तो धुऱ्यावरची माती पायानं खरडत होता.

"तुले माहीत होतं?"

"मले वाटलं तुले माहीत असन."

"तुळसाले?"

"भाभीले कोण सांगन गा? इतक्या खुशीत जाये ते."

मॅडमनं सुनावणीसाठी सोमवारची पेशी लिहून दिली आणि गाडीवर बसून गेली. शेजारच्या बांधीतून टिकाराम आला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. टिकाराम पंधरा एकरांचा धनी, गोदामासाठी पंचायतीत हात वर करणाऱ्यांपैकी एक. बिडी पेटवून तो माझ्याजवळ बसला.

"राग नको धरू महागू. कागदावर तुयं नाव नाही, त्याले मी काय करू?"

"तुयं कसं आलं कागदावर?"

"माह्या आज्याले मालगुजारानं देल्ली."

"मालगुजाराले कोणं देल्ली?"

"इंग्रजानं देल्ली असन."

"अन् इंग्रजाले?"

टिकारामनं धूर सोडला. "त्यानं कोणाले इचारलं बापा? घेऊन टाकली."

भैयालाल फस्सकन हसला.

"म्हणजे त्यानं न इचारता घेतली तं तुमी लगान भरता," मी म्हणालो. "आमी गावाले इचारून घेतली तं जुर्माना."

"असंच चालते ते. सरकारले पैसा नाही भेटला तं सडक कोठून होईन? आपलं धान ठेवाले गोदाम कोठून होईन? तूच पाहून राह्यला ना, मागच्या साली पोते कसे भिजले."

ते खोटं नव्हतं. माझीही चार पोती भिजली होती.

"घ्या न पैसा," मी म्हणालो. "मी कोठी नाही म्हणतो? तुळसानं कधी एक दिवस उशीर नाही केला. पण अठरा साल एखाद्याच्या हातून घेता, अन् मनातल्या मनात त्याले चोर म्हणता. हे कायचं घेणं?"

टिकाराम उठला. "सोमवारी हात जोड, भाषण नको देऊ," म्हणाला आणि आपल्या बांधीत गेला.

सोमवारी लांजीला तहसीलीत गर्दी होती. दुपार झाल्यावर माझं नाही, तुळसाचं नाव पुकारलं. मी आत गेलो. तहसीलदार साहेबांनी कागद चाळले.

"तुलसाबाई कहाँ है?"

"मेली साहेब."

साहेबांनी बाबूकडे पाहिलं. बाबू मला समजावून सांगायला लागला. तो गोंदियाकडचा होता, मराठीत बोलला. "काका, प्रकरण बाईंच्या नावावर आहे. त्या वारल्या, तर प्रकरण इथंच बंद होते. तुम्ही म्हणा, जमीन माझी नाही, माझा संबंध नाही. दंड नाही, काही नाही. सुटले तुम्ही."

"अन् बांधी?"

"पंचायत उद्याच ताब्यात घेईल."

"धान उभं हाय."

"तुमचा संबंधच नाही म्हटल्यावर धान कोणाचं?"

"अन् संबंध हाय म्हटलं तं?"

"तर तुमच्या नावानं अतिक्रमण लिहावं लागते. या सालचा दंड पुन्हा भरा. धान कापा, मग जागा सोडा."

मी विचार करायला वेळ घेतला नाही. म्हणालो, "माझ्या नावानं लिवा. पण कब्जा केला असं नका लिवू. बांधी केली असं लिवा."

बाबूनं कागद माझ्याकडे फिरवला. "तसा रकाना नाही काका."

मी सही केली. तिच्या नावाखाली माझं नाव आलं. साहेब म्हणाले, "खड़ी फसल पर हम हाथ नहीं डालते. फसल कटते ही कब्ज़ा छोड़ देना." ते त्यांनी लिहूनही दिलं. बाबूनं मला दोनदा वाचून दाखवलं. या वेळी मीच वाचायला सांगितलं होतं.

बसमध्ये मी साहेबांचं ते एकच वाक्य घोकत होतो, उभ्या पिकाला हात लावत नाही.

आमच्याकडे लाखोरी, हे डाळीचं पीक, वेगळ्या रानात पेरत नाहीत. धान कापायच्या पंधरा दिवस आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानातच बी फेकतात. धान कापेपर्यंत ती बोटभर वर येते आणि धानाच्या बुडख्यांतून वाढते. आमच्या बांधीत हे काम तुळसा करायची. धानाच्या ओळींतून ती चालली तर एक लोंबी हलत नसे. यंदा मी पेरणार नव्हतो. एका माणसाला किती डाळ लागते?

मडक्यात तिनं राख लावून ठेवलेलं बी होतं. धान पिवळं पडायला लागलं तेव्हा एका सकाळी, ती पदरात घ्यायची तसं, मी ते धोतराच्या सोग्यात घेतलं आणि धानात शिरलो. माझ्यानं नीट जमलं नाही. कुठं मूठभर पडलं, कुठं काहीच नाही. धानही बरंच मोडलं.

दिवाळी झाल्यावर धान कापलं. भारे खळ्यात नेले त्याच्या तिसऱ्या दिवशी भैयालाल आला. त्याच्या मागं पंचायतीची दोन माणसं, खुंट्या आणि दोरी घेऊन.

"भाऊ, धान झालं. आता..." तो बोलता बोलता थांबला. कापलेल्या धानाच्या मधून हिरवं वर आलं होतं.

"हे काय होय?"

"लाखोरी."

"ते दिसून राह्यलं मले. कधी फेकली?"

"धान उभं होतं तवा."

मी साहेबांचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला. मग खाली बसून लाखोरीचं एक रोप दोन बोटांत धरून पाहिलं, जसं काही ते खोटं असेल.

खुंटीवाला म्हणाला, "कोटवार, ठोकू का?"

"थांब बे. उभं पीक हाय." भैयालाल उठला. "महागूभाऊ, हे फागुनात निंगते. मंग?"

"मंग फागुनात ये."

"तवा काय पेरशीन?"

"तवाचं तवा."

"साहेब मले हाणन."

"तूच वाचलं ना कागदात. मी तं अडाणी."

तो हसला नाही. त्या दोघांना घेऊन गेला. जाताना लाखोरीवर पाय पडू नये म्हणून तिघंही धुऱ्यानं गेले.

मी बांधीत उभा राहिलो. फागुनानंतर काय ते मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. लाखोरी कुठं दाट उगवली होती, कुठं हात हात जागा रिकामी. तुळसानं पेरली असती तर सारखी आली असती. मी विरळ जागा पाहत फिरलो आणि दाट जागची रोपं उपटून तिथं लावायला बसलो. लाखोरी अशी लावत नाहीत. लावली तर जगते की नाही, तेही मला माहीत नाही.