न उकळता

मी दमलेय. बासष्टाव्या वर्षी भावाच्या आजारपणात महिनाभर उशापायथ्याशी बसून परवा घरी आले, तर इथे नवऱ्याशी वाद वाट बघत होता.

सून जिबेक आज संध्याकाळी बाळाला घेऊन दवाखान्यातून येणार होती. आमच्या किर्गिझ घरांत बाळंतीण नि बाळ चाळीस दिवस बंद, उबदार खोलीत राहतात. त्यासाठी आमच्या म्हाताऱ्याने मधली खोली निवडली. एरवी तिथे बटाटे आणि पिठाची पोती असायची, कधी आच लागली नाही तिला. पंधरा दिवसांपूर्वी, माझ्या मागे, त्याने ती रिकामी केली, खिडकीच्या फटींना कागद चिकटवले आणि धुराड्याची शेगडी पेटवली, ती अजून विझू दिलेली नव्हती.

"त्या खोलीत नको," मी पुन्हा सांगून पाहिलं. "पारा सांडलाय तिथे."

"आठ वर्षं झाली त्याला. ओल्या झाडूने टिपला की मी सगळा."

निवृत्त होताना त्याने गावातल्या पारा गाळायच्या कारखान्यातून पाऱ्याची बाटली आणली होती, आठवण म्हणून. आमच्या गावात घरोघरी असायची. ती फुटली आणि निम्मा पारा जमिनीच्या फळ्यांखाली गेला.

"फळ्यांखालचा कोणी टिपला?"

"असू दे की तिथे. साडेतीनशे अंशांच्या वर उकळतो पारा. तीस वर्षं भट्टीवर काढली मी, मला शिकवतेस? ही शेगडी आहे बाई. हिच्यावर चहाला अर्धा तास लागतो."

सगळ्या भट्टीवाल्यांचं हेच. उकळला तर वाफ, नाहीतर कसली वाफ? मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. दर सहा महिन्यांनी त्यांना सुरक्षेचा धडा द्यायचं काम माझ्याकडे असायचं. बाष्पनशील, असा पुस्तकी शब्द मी फळ्यावर लिहायचे आणि सोपं करून सांगायचे, जे न उकळता उडतं ते. दोरीवरचा ओला सदरा कुठे उकळतो? तरी वाळतोच ना? पारा तसाच. थंडीत गप पडून राहतो, ऊब लागली की जास्तच उडतो. ना वास, ना धूर. ते हसायचे, सही करायचे आणि जायचे. म्हाताऱ्याचीही सही आहे.

"पालथ्या घड्यावर पाणी," मी म्हटलं आणि खाली बसले. बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "निदान जिबेकच्या कुड्या तरी आणा. आल्यावर घालेल."

सोन्याच्या कुड्या. लग्न ठरलं तेव्हा मीच तिच्या कानांत घातलेल्या. दवाखान्यात जाताना त्या मधल्या खोलीत, शेगडीजवळच्या पेटीवर काढून ठेवल्याचं तिने कळवलं होतं.

म्हातारा गेला तो आलाच नाही. मी उठून पाहायला गेले. खिडकीपाशी उभा होता, तळहातावर कुड्या घेऊन. त्या पांढऱ्या पडल्या होत्या, मळकट, कल्हईसारख्या.

पाऱ्याने सोनं पांढरं पडतं हे भट्टीवाल्याला सांगावं लागत नाही. अंगठी घरी ठेवून कामाला यायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

"पेटीवरच होत्या," तो म्हणाला. "खाली नव्हत्या पडल्या."

माझंच खरं ठरलं, पारा न उकळताच वर चढला होता. त्याने निखारे बादलीत उपसले आणि खिडकीचे कागद ओरबाडून काढले. मग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बिछाना घातला.

संध्याकाळी जिबेक आली. बिछाना पाहून तिचा चेहरा उतरला.

"मुलगी झाली म्हणून चुलीपाशी का, आई? मुलगा असता तर मधली खोली मिळाली असती."

मी कुड्या तिच्या हातावर ठेवल्या. ती याच गावची लेक, तिचा बापही भट्टीवरच होता. तिने त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "दवाखान्यात जायच्या आधी आठवडाभर मी तिथेच झोपत होते."

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"पाठ दुखते म्हणाली," तो म्हणाला. "मीच म्हटलं, जा, उबेला झोप."