बनुबाईंचा घोट

मी प्रभुभोजनाचा प्याला बोलतोय. पितळेचा, काठाला पोचा पडलेला, आतून कल्हई केलेला. कराडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि उंब्रजजवळच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये मी आलो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, तासगावचे बेदाणे उकळून, गाळून तो रस माझ्यात ओततात आणि मी बाकाबाकांवरून हातोहात फिरतो.

फिरता फिरता मला माणसांचा नादच लागला. कुणी घोट घेताना डोळे मिटतं, कुणी शेजाऱ्याने किती घेतला ते बघतं. आदल्या दिवशी बांधावर एकमेकांची आईबहीण काढलेलेही गुपचूप पितात. फक्त बनुबाई पीत नसत. मला दोन्ही हातांत धरायच्या, क्षणभर बघायच्या आणि पुढे द्यायच्या. का बरं? मला चैन पडेना.

उलगडा झाला तो घासायच्या वेळी. पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, बायको संयोगिता मला चिंच लावून घासत होती आणि बनुबाई शेजारी बसल्या होत्या.

"मनात आढी ठिवून पिऊ न्हाई म्हंत्यात. मग मी कशी पिऊ? त्या ज्ञानूनं ऊस गेल्यावर पाचट पेटवलं, आग माझ्या गोठ्यात शिरली. गाभण म्हस दाव्याला जळाली. त्यो म्हंतोय, वारं अचानक सुटलं. माफ करावं वाटतं, पर जमत न्हाई बघ."

"जमत नाही, हेच देवाला सांगा की, मावशी. रोज सांगा."

ज्ञानू म्हणजे त्यांचा भावकीतला पुतण्या, पुरुषांच्या बाकावर बसणारा. तो मात्र दर वेळी घोट घ्यायचा. खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा.

मग एका रविवारी बनुबाईंनी मला पुढे दिलंच नाही. मला घेऊन त्या उठल्या आणि थेट पुरुषांच्या बाजूला गेल्या.

"ज्ञानू, म्हस आठवली की अजून पोटात तुटतं. पर म्या तुला माफ केलं. देवानं मला किती येळा केलंय."

ज्ञानू उभा राहिला, मान खाली घालून. "काकी, वारं अचानक न्हवतं सुटलं. आधीपास्नंच व्हतं. मला दिसत व्हतं, तरी काडी लावली."

बनुबाईंच्या हातात मी कलंडलो आणि रस हिंदकळून लुगड्यावर सांडला. आता काय? माफी तर देऊन झाली होती, पण ती लहान गुन्ह्याची. मला वाटलं, या मला खाली ठेवून निघून जाणार. पण त्या गेल्या नाहीत. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

"मग ह्ये बी माफ," म्हणाल्या आणि घोट घेतला. मला ज्ञानूच्या हातात दिलं. "आता पी."

हल्ली माझी कल्हई उडत चालली आहे. प्रत्येकाला वेगळे छोटे कप आणायचं ठरलंय. स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरंच आहे. मी कपाटात जाईन. जाता जाता एवढंच मागतो: आपापल्या कपातून खुशाल प्या, पण मन ज्याच्यापाशी अडलं असेल, त्या माणसाकडे आधी उठून जा.