दशमूलारिष्टाची साक्ष

वीणा अक्कानं सांगितलं होतं. कढीपत्त्याची जुडी हातात धरून, दारातच, आवाज खाली आणून. "वल्लरी, रागावू नको हं. काल तुझा नवरा पोरीला घेऊन गाडीतनं उतरला, तोंडाला वास येत होता की गं. स्वल्प, जरा बघत जा."

शेजारची अक्का मूळची निपाणीची, तीस वर्षं इंदिरानगरात. कुणाच्या घरात काय चाललंय ते हिला लिफ्टमध्येच कळतं, असं वल्लरीला वाटायचं. ती हसली, माउथवॉश असेल म्हणाली आणि कढीपत्ता घेऊन दार लावलं. पुढे आठवडाभर अक्का समोर आली की ती फोन कानाला लावायची.

तशी वल्लरी बघणारी बाई. चौदा महिन्यांची यशश्री झोपली की तिचा श्वास बघणारी, उकळलेलं पाणी पुन्हा उकळणारी. टोचेल, सांडेल, गिळलं जाईल असं सगळं तिनं घरातून हलवलं होतं. ध्रुव तेवढा राहिला होता.

ध्रुव एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. त्याच्या सहकाऱ्यानं देवनहळ्ळीजवळ प्लॉट घेतला, तिथं रविवारी दुपारी जेवण होतं. ध्रुवच्या तीन बिअर तिनं पाहिल्या. निघताना म्हणाली, आज मी चालवते. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मग आपण उद्या पोचू," आणि सगळे हसले. ते हसणं थांबावं एवढ्यासाठीच ती मुलीला घेऊन मागे बसली.

चार वाजता, लख्ख उन्हात, पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. ध्रुवनं नळीत फुंकलं. आकडा आला चौऱ्याहत्तर. तीसच्या पुढे गुन्हा. गाडी जप्त झाली. यशश्रीची सीट वल्लरीनं पट्टे सोडवून बाहेर काढली आणि टॅक्सीत घरापर्यंत एका मांडीवर मुलगी, दुसऱ्या मांडीवर सीट धरून बसली. ध्रुव पुढे ड्रायव्हरशेजारी क्रिकेटबद्दल बोलत होता.

वकील मिळाले ते मराठी मंडळातल्या ओळखीचे. परसू अण्णा, बेळगावकडचे. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. पहिलीच वेळ आहे, तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बहुतेक वेळा दंडावर भागतं, लायसन्स काही महिने निलंबित होतं. पण नोंद राहते. पुन्हा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत आत. त्यांचा सल्ला असा, की गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि लायसन्स परत मिळेपर्यंत बसनं फिरा.

ध्रुवला बस चालली असती, नोंद नको होती. शिक्षा झाली तर ऑफिसला कळवावं लागणार आणि ऑक्टोबरात बढतीची मुलाखत. लढायचं म्हटलं तर काय, त्यानं विचारलं.

अण्णांनी कागद उलटले. यंत्राच्या तपासणीच्या दाखल्याची मुदत संपलेली दिसत होती. रक्त तपासलेलं नव्हतं. "शंका काढता येते," ते म्हणाले. "पण नुसत्या शंकेवर उभं राहायला भीती वाटते. त्या दिवशी औषध-बिवषध काही घेतलेलं काय?"

ध्रुवनं वल्लरीकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "दशमूलारिष्ट."

बाळंतपणानंतर वल्लरीच्या आईनं साताऱ्याहून पाठवलेली ती बाटली. अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात थोडा अल्कोहोल असतो, एवढं त्याला ठाऊक होतं. बाटली अजून अर्धी शिल्लक होती आणि तिचं झाकण उघडलं की ध्रुव नाक मुरडून गॅलरीत जायचा.

अण्णा बराच वेळ पेनचं टोपण घालत-काढत राहिले. "औषधाला कायद्यात माफी नाही. आणि दोन चमच्यांनी चौऱ्याहत्तर येत नाही, हे मलाही कळतंय वहिनी. पण दाखला जुना आणि वर घरातली बाई शपथेवर सांगतेय, म्हटल्यावर फरक पडतो. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. तुम्ही ठरवा."

घरी ध्रुव ओरडला नाही, हेच वाईट झालं. रात्रीची भांडी त्यानं घासली, यशश्रीला झोपवलं आणि पलंगाच्या कडेला बसून शांतपणे विचारलं, की तिच्या बापाला सगळ्यांनी दारुडा म्हणावं असं तुला वाटतं का. वल्लरीनं लायसन्स नसलेल्या महिन्यांचा विचार केला. ते महिने तिला हवे होते. पण ते तोंडानं मागता येईनात.

कोर्टात सरकारी वकिलांनी विचारलं, औषध कोण देत होतं. ती म्हणाली, मी. किती? "दोन-दोन चमचे, जेवणानंतर. पाठदुखीसाठी." आता पुढचा प्रश्न येईल आणि आपण अडखळू, म्हणून ती कठडा धरून उभी राहिली. पुढचा प्रश्न आलाच नाही.

त्या रविवारपासून आठव्या महिन्यात ध्रुव सुटला. संशयाचा फायदा.

त्यानंतर जे झालं ते परसू अण्णांच्या कुठल्याच कागदात नव्हतं. ध्रुव ती गोष्ट खरी मानू लागला. आधी मित्रांना सांगायचा, मशीनच बिघडलेलं होतं. मग आईला. मग स्वतःलाच. शुक्रवारची बाटली बुधवारी येऊ लागली, किल्ली खिशातच राहू लागली. वल्लरी काही बोलायला गेली की तो हसून म्हणायचा, "मी प्यायलोच नव्हतो. कोर्टात तूच सांगितलंस ना?" खरं कुणाला सांगायचं तर आधी सांगावं लागणार, की शपथ घेऊन मी खोटं बोलले. अक्काला सांगायला ती दोनदा दारापर्यंत गेली आणि परत आली.

एका गुरुवारी ती महादेवपुऱ्यात ऑफिसात होती. सव्वापाचला पाळणाघराचा फोन आला, की यशश्रीचं दुपट्टं राहिलंय. वल्लरी म्हणाली, सहाला येते, तेव्हा घेईन. पलीकडची बाई गोंधळली. मुलीला तर पप्पा घेऊन गेले, चार वाजताच. बरं वाटत नव्हतं बहुतेक त्यांना, भिंतीला धरून उभे होते.

पाळणाघर ते घर, गाडीनं बारा मिनिटं. ध्रुवचा फोन वाजत राहिला. वॉचमन म्हणाला, गाडी आलेली नाही. कंट्रोल रूमनं गाडीचा नंबर लिहून घेतला. रस्ता तुंबलेला होता आणि तिची टॅक्सी जागची हलत नव्हती. तेव्हा तिनं मंडळाचा ग्रुप उघडला, दोनशे जणांचा, जिथं लोक मोदकांच्या ऑर्डरी देतात. एकदा लिहून पुसलं. मग पुसायचं थांबवलं.

"मी वल्लरी. माझा नवरा ध्रुव प्यायलेला आहे. पोलिसांनी पकडलं तेव्हाही प्यायलेला होता, मी कोर्टात खोटं सांगितलं. करड्या रंगाची गाडी आहे, मागे माझी मुलगी आहे, सव्वीस महिन्यांची. चार वाजल्यापासून दोघांचा पत्ता नाही. हे वाचणारे तुम्ही इंदिरानगरात जिथं असाल तिथं खाली उतरा आणि रस्त्याकडेला गाडी उभी दिसली तर आत वाकून बघा. काच बंद असेल तर ठोका. तो काहीही म्हणाला तरी आधी मुलीकडे बघा."