दाताखालचा दाणा

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून गोष्ट अर्धीच ऐकू येते, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. देव कुणाच्या तोंडून बोलेल आणि कुणाच्या कानांनी ऐकेल, याचा काही नेम नसतो. ते मी तुम्हाला आज सांगणार आहे. आणि ते घडलं पार तिकडे, अमेरिकेत.

दोन हजार चार सालचा ऑक्टोबर. कराडच्या सुमित्राकाकू श्रूजबरीला लेकाकडे, अंकुरकडे, सहा महिन्यांसाठी गेल्या होत्या. त्या शनिवारी खरं तर तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कीर्तन होतं. काकूंनी आदल्या दिवशीच साडी काढून ठेवली होती. पण बुवांचा व्हिसाच आला नाही आणि कार्यक्रम कॅन्सल झाला. काकूंचा चेहरा पडला तो अंकुरला बघवेना. तो म्हणाला, चल, तुला एक जुनं गाव दाखवतो. दीडशे वर्षांपूर्वी होतं तसंच ठेवलंय. घरं, लोहाराचा भाता, शाळा, पाण्यावर चालणारी गिरणी, सगळं.

काकूंनी बाकीचं ऐकलंच नाही. गिरणी म्हटल्यावर बाई ताठ बसल्या. कारण नवरा, जगन्नाथराव, गेल्यावर सोळा वर्षं काकूंनी पिठाची गिरणी एकटीनं चालवली होती. पट्टा चढवणं, गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावून खाचा पाडणं, दळणाचे डबे ओळीत लावणं, उधारवाल्यांना गाठून पैसे काढणं, सगळं. गिरणी बंद करून तीन वर्षं झाली, तरी केसांतलं पीठ अजून गेलं नाही असं त्या स्वतःच म्हणत.

हार्लोज मिल हे त्या गावाचं नाव. मेपलची लाललाल झाडं, पांढरी लाकडी घरं, आणि नऊवारीला लाजवतील असे त्या काळचे घेरदार झगे घातलेल्या बाया. नऊ वर्षांची नात इशिता लोहाराकडे ओढत होती, अंकुर फोटो काढत होता, आणि काकू मात्र आवाजाच्या रोखानं निघाल्या होत्या. पाण्याचा घोष, त्याखाली लाकडी चाकाची कुरकुर, आणि त्याच्याही खाली पायातून चढणारी ती घरघर. वहाण घातलेल्या तळपायांना ती बरोबर ओळखू आली. बाई साठीच्या, पण पायऱ्या चढल्या सोळाच्या पोरीसारख्या.

आत शिरल्या आणि थबकल्या. वास. करपलेला, कोंदट.

गिरणी चालवणारा वॉल्टर नावाचा माणूस होता. पासष्टीचा, पांढरी दाढी, कोपरापर्यंत पीठ. चाळीसेक माणसं जमली होती आणि तो त्यांना हसून सगळं समजावत होता; पण हसू ओठांवरच होतं. अंकुरनं ऐकून काकूंना सांगितलं ते असं : तीन आठवडे झाले, पीठ तापून येतंय, कडवट लागतंय, लोक खाऊन थुंकतात. वसंतात एका जाणकाराकडून दगडांना टाकी लावून घेतली होती, तरी ही गत. आज दोन वाजता गावाची कमिटी चव बघायला येणार. आज पीठ बिघडलं तर दगड उचलून काचेमागे ठेवणार. चाक फिरेल, पण नुसतं फोटोपुरतं.

“नुसतं फिरणार?” काकू म्हणाल्या. “दळणार नाही?”

त्यांना ते सहनच झालं नाही. देवळात घंटा टांगावी आणि तिचा लोळा काढून घ्यावा, तसं वाटलं. अंकुर अडवायच्या आत त्यांनी पीठ पडतं त्या पन्हाळीखाली हात धरला. पीठ तव्यावरून उतरल्यासारखं गरम. दोन बोटांत चोळलं, चिकट. मग दगडांवरच्या दाण्यांच्या पेटीतला मक्याचा एक दाणा उचलला आणि दाढेखाली धरला.

गिरणीवाल्याला दाणा बोलतो, बरं का. वाळलेला दाणा कट् म्हणतो आणि दुभंगतो. हा मुळी बोललाच नाही. दबला, आणि गप्प बसला.

“अंकुर, दगडांचा काही दोष नाही. दाणा ओला आहे. ओलं दळून दळून दगड माखलेत, म्हणून तापतायत. सांग त्याला.”

अंकुर कावराबावरा झाला. त्यानं हळूच समजावलं की आई, एक्स्पर्टनं बघितलंय, एवढ्या लोकांसमोर आपण कसं बोलायचं, इथे असं चालत नाही.

“तुझ्या कॉम्प्युटरला मी कधी हात लावलाय? मग गिरणीतलं मला शिकवू नकोस.”

तरीही तो कॅमेऱ्याशीच चाळा करत राहिला. तेव्हा इशितानं आजीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं, “एक्स्क्यूज मी, माय आजी सेज युअर कॉर्न इज वेट.”

चाळीस माना वळल्या. वॉल्टर लालबुंद झाला. पातळ नेसलेली, कपाळाला कुंकवाऐवजी बुक्का लावलेली एक परकी बाई त्याच्या गिरणीत त्याचा दाणा चघळत उभी होती. शेजारच्या शेतातला यंदाचा ताजा मका आहे, तीन आठवड्यांपूर्वीच आणलाय, असं तो काहीसं घुश्शातच म्हणाला. म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकल्यासारखा थांबला. तीन आठवडे.

त्यानं एक दाणा उचलून चावला. मग दुसरा. काकू त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. घड्याळात सव्वा वाजला होता.

वॉल्टर वळला, भिंतीजवळचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. पाण्याची फळी पडली. चाक कुरकुरलं, मंदावलं, थांबलं.

“आस्क हर,” तो इशिताला म्हणाला, “व्हॉट नाउ?”

आता कोरडा मका कुठून आणायचा? काकूंनी चौफेर पाहिलं आणि वर बोट दाखवलं. तुळईला गेल्या वर्षीच्या मक्याच्या कणसांच्या वेण्या टांगल्या होत्या, खडखडीत वाळलेल्या. वॉल्टर दचकला. ती शोभा दर हिवाळ्याच्या तोंडाशी कमिटीच्या अध्यक्षीणबाई स्वतः शिडीवर चढून बांधत. पण दचकला तेवढंच. शिडी आणली आणि सगळ्या वेण्या उतरवल्या.

मग जी धमाल उडाली! काकूंनी कणसावर कणीस घासून दाणे कसे सोडवायचे ते दाखवलं, आणि सारी चाळीस माणसं जमिनीवर फतकल मारून बसली. कोण डॉक्टर, कोण मास्तरीण, कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही. दाण्यांचा सडा पडला. अंकुरच्या अंगठ्याला फोड आला तरी तो थांबेना. काकूंनी खुणेनं वरचा दगड केसभर उचलायला लावला, आणि वॉल्टरनं पुन्हा चाकावर पाणी सोडलं. पहिल्या ओंजळी टाकल्या तेव्हा दगड खडखडले, आणि पन्हाळीतून तपकिरी खपल्या पडल्या. त्या बाजूला काढल्या. आणखी ओंजळी. खपल्या कमी झाल्या. मग आवाज बदलला. घोगरा होता तो मोकळा झाला, तासभर खाकरणाऱ्या बुवांना एकदाचा सूर सापडावा तसा.

काकूंनी पन्हाळीखाली हात धरला. वॉल्टरचं मनगट धरून त्याचाही हात तिथे नेला. पीठ गार होतं.

दोनला कमिटीची पाच माणसं आली. अध्यक्षीणबाईंची नजर आधी तुळईवरच गेली. माझी कणसं कुठायत, त्यांनी विचारलं.

वॉल्टर म्हणाला, “यू आर अबाउट टु ईट देम.”

झगेवाल्या बायांनी चुलीवर मक्याची छोटी घावनं केली. अध्यक्षीणबाईंनी एक खाल्लं. चेहऱ्यावर काही नाही. दुसरं खाल्लं. इशिता आजीचा पदर पिळत होती. बाईंनी तिसऱ्याला हात घातला, तेव्हा सगळे हसले, आणि त्याही हसल्या. दगड जागेवर राहणार, दळणारही. फक्त मका यापुढे वर्षभर वाळवलेलाच घ्यायचा, असं तिथेच ठरलं. त्यांनी वॉल्टरचं अभिनंदन केलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. चूक माझी होती, मी ओला दाणा घातला, ती ओळखली या बाईंनी, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं आणि पिठानं भरलेले हात काकूंच्या पुढे जोडले. जोडायची रीत त्याला ठाऊक नव्हती; बोटं जराशी वाकडी झाली.

गाडीत अंकुर आईची वाहवा करू लागला. काकूंनी त्याला थांबवलं. “अरे, दाणा कोणीही चावेल. त्यानं चाक थांबवलं, ते बघ.”

मंडळी, म्हणून माझं एवढंच मागणं आहे. सुमित्राकाकूंना तुम्ही आठवालच, गोष्ट त्यांची आहे. पण उद्या कुणी परकं, तुमची भाषा न येणारं माणूस तुमची चूक दाखवील आणि तुमचा हात दांड्याकडे जायला कचरेल, तेव्हा हार्लोज मिलच्या त्या वॉल्टरला क्षणभर आठवा.