चिठ्ठी क्रमांक चारशे अकरा

४०९. चमचा

"आता माझ्या कपाळावर एक चिकटवा," श्यूछिन म्हणाली. "बायको, इंग्रजीत."

"चिकटवली असती. पण फ्रीज कसा गप्प बसतो, तशी तू बसशील का?"

छू देगुईने चमच्यावर त्याच्या इंग्रजी नावाची चिठ्ठी दाबली. बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. मेलबर्नची नात वसंतसणाला, म्हणजे चिनी नववर्षाला, यायची होती, तिला चिनी येत नव्हतं. तोवर आजोबांचे पाचशे इंग्रजी शब्द व्हायला हवे होते.

४१०. कापूस

देगुईच्या पोटातल्या अल्सरच्या गोळ्या मुलगा शाओबो परदेशातून मागवत असे. बाटलीवरचं लेबल दर वेळी खरवडलेलं. "प्रवासात भिजतं, बाबा."

आज नवी बाटली उघडली, तर कापसाखाली घडी केलेला इंग्रजी कागद. देगुई खूश झाला. शब्द आयते चालून आले. लांबलचक बघून त्याने एक निवडला, पॅलिएटिव्ह, आणि शब्दकोश उघडला.

दुखणे हलके करणारे. रोग बरा न करणारे.

४११.

पान चुकलं असेल. त्याने एकेक अक्षर बोटाने जुळवलं. चुकलं नव्हतं.

पुढचा शब्द काढला. शेवटच्या टप्प्यातला.

त्याच्या पुढचा कर्करोग. तो कोशात पाहावा लागला नाही.

गोंदाची बाटली कधी कलंडली, कळलं नाही. गोंद टेबलावरून मांडीवर ठिबकत राहिला.

लेबल. भिजलेला कागद असा निघत नाही. ते ब्लेडचे ओरखडे होते, फिटरला ते पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. शिवाय त्याने स्वतःच्या वडिलांच्या बाटल्याही अशाच खरवडल्या होत्या. "वात आहे, बाबा. वसंतापर्यंत बरे व्हाल." ते हसून हो म्हणाले होते.

ते का हसले, हे त्याला आत्ता कळलं.

"मिळाला का नवा शब्द?" बाजरीची पेज घेऊन श्यूछिन दारात उभी होती. तिची नजर गोळ्यांच्या उघड्या बाटलीवर गेली, आणि वाटीतली पेज हिंदकळली.

कागद त्याच्या मुठीत होता.

"मिळाला की. सोपाच आहे," देगुई म्हणाला. "गोंद तेवढा सांडला."

"धांदरटच तुम्ही. कारखान्याने कसं ठेवलं देव जाणे." तिचा आवाज हळूहळू जागेवर आला.

त्याने चिठ्ठी लिहिली आणि खरवडलेल्या जागेवर, एकही ओरखडा दिसणार नाही अशी, अंगठ्याने दाबून बसवली.

४११. बाटली