तीस वाट्यांची शाळा

मित्रांनो, मी एक जुना अंड्यांचा ट्रे आहे. नाक मुरडू नका! मला धुता येत नाही हे खरं, पण शाळेतल्या बाईंनी मला चांगलं चार दिवस उन्हात ठेवलं होतं.

माझा जन्म रद्दीतून झाला. कागद भिजवून लगदा केला, साच्यात दाबला, वाळवला आणि मी तयार झालो. पाच ओळी, प्रत्येक ओळीत सहा वाट्या. दुकानात मी बरीच वर्षं अंडी सांभाळली. एकही फुटू दिलं नाही, म्हणून दुकानदार माझं तोंडभरून कौतुक करायचा. पुढे प्लास्टिकचे ट्रे आले आणि माझी रवानगी शेगडीशेजारी झाली, जाळायला. नेमक्या त्याच दिवशी बाई अंडी घ्यायला आल्या आणि मला मागून घेऊन गेल्या.

बाई शाळेत नव्या होत्या. गुणाकार त्या पहिल्यांदाच शिकवत होत्या. दुसरीची मुलं पाढे घडाघडा म्हणत, पण "तीन चोक बारा म्हणजे काय?" असं विचारलं की पुन्हा पाढाच म्हणू लागत. एका जागी कधीच न बसणाऱ्या एका मुलीने, तिला सगळे खारूताईच म्हणत, एकदा मात्र हात वर केला. "बाई, ते नुसतं पाठ करायचं असतं. म्हणजे काय, असं विचारायचं नसतं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यात मुख्याध्यापिकांनी बजावलं, "शनिवारी मी येऊन बघते. मुलांना कळलं नसेल, तर हा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल." बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. या मुलांचा त्यांना फार लळा लागला होता.

मग मी कामाला लागलो. माझ्या वाट्यांत बाटल्यांची बुचं बसू लागली. मुलं एकेक बूच मोजत आणि मध्येच कुणी शिंकलं की पुन्हा पहिल्यापासून! शुक्रवार संपला तरी हेच चाललं होतं. मजा येत होती, पण बाईंचा चेहरा बघून मला काळजी वाटायची.

शनिवारी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसल्या. खारूताई मला भरायला पुढे आली. उत्साहाच्या भरात तिने शेवटचं बूच इतकं दाबलं, की कोपऱ्यातल्या वाटीचा तळच फाटला. बूच टुणकन खाली पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता किती राहिली?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. मुलं मोजायला धावली.

"एकोणतीस," माझ्या शेजारी उभी खारूताई लगेच म्हणाली.

"तू मोजलीस कधी?"

"मोजायची कशाला? सहा-सहाच्या पाच ओळी म्हणजे तीस. एक पळालं." तिने मला आडवं फिरवलं. "आणि असं ठेवलं तर पाच-पाचच्या सहा ओळी. तरी तीसच, त्या पळपुट्याला धरून!"

वर्ग खो खो हसला. बाईंनी हळूच डोळे टिपले. मुख्याध्यापिकांनी स्वतः वाकून कपाटाखालचं बूच काढलं. "वर्ग तुमचाच आहे, बाई," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारी हा ट्रे माझ्या चौथीत पाठवा. पाढा म्हणजे काय, हे माझ्या मुलांना मी विचारलंच नाही कधी."

मित्रांनो, माझ्या वाटीला आता चिकटपट्टी लावली आहे. मी आणखी फाटू नये म्हणून बाई मला कपाटावर ठेवायला बघतात. तुम्ही तसं करू नका. मला खाली काढा, भरा, फिरवा. मी हौसेने झिजेन. फक्त शेवटचं बूच जरा हळू दाबा!