दोन जिभांची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे. सध्या एका बैलगाडीत मोडक्या भाल्यांच्या आणि बोथट तलवारींच्या ढिगात पडले आहे. गाडी राजधानीच्या भट्टीकडे चालली आहे आणि तिथे आम्हा सगळ्यांचा रस होणार आहे. शेजारचा भाला सारखा आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. घंटेला काय सांगण्यासारखं असणार, असं त्याला वाटतं. वाटू दे. मी तुम्हालाच सांगते.

माझा जन्म वेई राज्यात, पू नदीच्या काठच्या एका भट्टीत झाला. मातीच्या साच्यात रस ओतला, साचा फोडला आणि मी बाहेर आले. ओतणाऱ्याने मला बोरीच्या लाकडाची जीभ लावली. आमच्याकडे रीतच तशी होती. युद्धाची हाक द्यायची तर घंटेला धातूची जीभ आणि शिकवण सांगायची तर लाकडाची. माणसाच्या जिभेला हाड नसतं म्हणतात. माझी तर अख्खी जीभ लाकडाची, तरी मी कधी कुणाला टोचून बोलले नाही.

मला तानताय गुरुजींच्या हाती दिलं. गुरुजी गावातल्या पोरांना वाचायला, वाकायला आणि मोठ्यांपुढे गप्प बसायला शिकवत. वसंत आला की मला घेऊन ते गल्लोगल्ली हिंडत. राळ्याची पेरणी कधी, पूर्वजांची पूजा कधी, कुणाच्या घरी सुतक आहे, हे सांगत. शेवटी त्यांचं एक ठरलेलं बोलणं असे. माणसाला लाज शिकवा, मग चाबूक लागत नाही. माझा आवाज आला की लोक हातातलं काम खाली ठेवत. गुरुजींनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

पण खरं सांगू? लाज सगळ्यांनाच वाटते असं नाही.

गावात नानगोंग नावाचं बडं घराणं होतं. त्यांच्या धाकट्या पोराने दारूच्या नशेत फान नावाड्याच्या डोक्यात वल्हं घातलं. फान जागीच गेला. मागे बायको आणि ज्ये व तुन हे दोन मुलगे. गुरुजी मध्ये पडले. रीतीप्रमाणे नानगोंगांची वडीलधारी माणसं पांढरे कपडे घालून फानच्या अंगणात आली, वाकली, रेशमाचा तागा आणि डुकराची तंगडी ठेवून गेली. गुरुजींनी केवढं भांडण मिटवलं, असं गाव म्हणालं. तेव्हा थोरला ज्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, हेच वल्हं माझ्या बापाने त्यांच्या पोराच्या डोक्यात घातलं असतं, तर चालली असती का त्यांना आमची तंगडी?"

गुरुजींनी त्याला मोठ्यांचा अपमान केला म्हणून वाकायला लावलं. तो वाकला, पण त्याचे डोळे काही वाकले नाहीत.

पुढे छिन राज्याचं सैन्य आलं आणि आमचं गाव त्यांचं झालं. ज्ये तोवर मोठा झाला होता. नवा कायदा त्याने तोंडपाठ केला आणि तो कचेरीत कारकून झाला. एके दिवशी तो गुरुजींकडे आला. त्याने माझी लाकडी जीभ काढली, काशाची बसवली आणि मला आमच्या गल्लीच्या वेशीवर टांगलं. ती लाकडी जीभ गुरुजींनी उचलून बाहीत ठेवली.

मग माझ्याखाली उभं राहून ज्ये कायदा वाचू लागला. पाच घरांची एक मोळी. एका घरात गुन्हा झाला आणि बाकीच्यांनी कळवला नाही, तर पाचही घरं गुन्हेगार. गुन्हा दिसला की घंटा वाजवायची. लोक कुरकुरले तेव्हा तो म्हणाला, "नीट ऐका. कोण कुणाचा पोरगा, हे यात कुठेच लिहिलेलं नाही."

आणि ते खरं निघालं. नानगोंगांच्या त्याच पोराने एका हमालाला बेदम मारलं. या वेळी कुणी पांढरे कपडे घालून आलं नाही. त्याच्या तोंडावर शाईने गुन्हेगाराची खूण गोंदली आणि त्याला दगड फोडायला धाडलं. रीतीपेक्षा कायदा बरा, दगडापेक्षा वीट मऊ, असं गाव म्हणू लागलं. राळ्याची दारू गाळणाऱ्या चोऊकाकूंनी त्या दिवशी गल्लीला फुकट दारू पाजली. ज्येच्या आईने नवऱ्याच्या नावाने पान वाढलं आणि ती पोटभर रडली. मित्रांनो, मलाही आनंद झाला. नव्या जिभेचा मला अभिमान वाटला.

तो आनंद फार टिकला नाही. वाटेवर राख टाकली म्हणून चटया विणणाऱ्या म्हाताऱ्याला फटके बसले आणि वेळेवर कळवलं नाही म्हणून शेजाऱ्यालाही बसले. ओल्याबरोबर सुकंही जळतं, तसं झालं. पूर्वी माझ्याखाली बायका गप्पा मारत थांबायच्या. आता त्या एकमेकींच्या धुराड्याकडे संशयाने बघत भराभर निघून जात.

अशात ज्येची आई आजारी पडली. धाकटा तुन तेव्हा सैन्याच्या धान्यगाड्या ओढायच्या सक्तीच्या कामावर दूर गेला होता. तिथून पळणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. आईचा निरोप त्याला कसा पोचला कुणास ठाऊक. एका सकाळी वेस उघडली आणि तुन चिखलाने माखलेला माझ्याखालून आत आला. स्वतःच्या घरी जायचं त्याला धाडस झालं नाही, कारण ते कारकुनाचं घर. तो गुरुजींच्या दारात गेला. गुरुजींनी त्याचे पाय धुतले आणि भर दिवसा, हाताला धरून त्याला आईकडे नेलं.

चोऊकाकूंनी ते पाहिलं. त्या धावत जाऊन ज्येला कचेरीतून घेऊन आल्या. ज्येचं घर वेशीला लागूनच, त्यामुळे दारातलं बोलणं मला सगळं ऐकू आलं.

"ज्ये, तुझी आई मला बहिणीसारखी," काकू म्हणाल्या. "पण या पाच घरांत माझी तीन लेकरं आहेत. तू वाजव, नाहीतर मी वाजवते."

गुरुजी दारात आडवे उभे राहिले. ते म्हणाले, "आईसाठी आलाय तो. अशा पोराला भावानेच झाकायचं नाही, तर कुणी झाकायचं?"

"नानगोंगांनीही आपल्या पोराला झाकलंच होतं, गुरुजी," ज्ये म्हणाला. "पांघरुणाचं एक टोक तुमच्या हातात होतं."

गुरुजी दारातून बाजूला झाले.

ज्येने माझी दोरी हातात घेतली. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, अगदी बारीक. "ज्ये, थोडा थांब रे बाळा. मी फार वेळ घेणार नाही."

ज्ये थांबला. दोरी हातातच होती. काकू उंबऱ्यावर बसल्या. तुन आईला कोमट पाणी पाजत होता. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तेव्हा तुनचं रडणं ऐकू आलं. आई गेली होती. तोंडात बाही कोंबून तो रडत होता. मग ज्येने मला वाजवलं. माझा तो आवाज माझा मलाच सहन होईना.

अंमलदार शिपाई घेऊन आला. त्याने एकच विचारलं, पळपुटा आल्याचं कधी कळलं? पाचही घरं खाली मान घालून उभी होती. आत्ताच, असं कुणीही म्हणालं असतं तरी चाललं असतं.

"सकाळी," ज्ये म्हणाला. "कळल्याबरोबर वाजवायची असते. मी वाजवली नाही. लपवणाऱ्याला काय शिक्षा, ती सांगू का?" आणि स्वतःचीच शिक्षा त्याने न अडखळता म्हणून दाखवली.

तुनला बाजारात ठार मारलं. गुरुजींच्या आणि ज्येच्या तोंडावर शाईने गोंदलं आणि दगड फोडायला धाडण्यासाठी दोघांना एकाच दोरीने बांधलं. उरलेल्या घरांचं अर्धं धान्य नेलं. गुन्हेगाराच्या घराला सील लावायचा नियम होता. शिपायांनी ज्येचं दार ओढलं, कडीवर ओली माती थापली आणि तिच्यावर शिक्का उठवला. वरून हुकूम येईपर्यंत हा शिक्का मोडणाऱ्याला मरणाची शिक्षा, हे सगळ्यांना पाठ होतं.

आई आतच होती.

गुरुजींनी अंमलदाराच्या पाया पडून सांगितलं, आधी तिला मातीत जाऊ द्या. अंमलदार काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने कायद्यात शोधलं, पण तशी सोय त्याला सापडली नाही. निघताना वेशीत गुरुजी ज्येला म्हणाले, "तुझ्या बापाच्या वेळी माझं चुकलं, बाळा. मी नानगोंगांना भ्यालो आणि त्याला रीत म्हणालो."

ज्ये बंद दाराकडे बघत होता. तो म्हणाला, "तुमचं चुकलं म्हणून बापाला न्याय मिळाला नाही. माझं तर काहीच चुकलं नाही, गुरुजी. सगळं कायद्याने केलं. मग ती आत का पडलीय?"

शिपायाने दोरी ओढली आणि ते गेले. गुरुजी वाटेतच वारले, असं पुढे एका गाडीवानाने सांगितलं. ज्येची काही खबर आली नाही.

मी वेशीवर तशीच टांगलेली होते. उन्हाळा आला. चोऊकाकू नाकाला बाही लावून त्या दारावरून जात. एकदा त्या थांबल्या, त्यांनी मातीच्या शिक्क्याजवळ हात नेला. मग समोरच्या घराच्या खिडकीकडे बघितलं आणि हात मागे घेतला. हुकूम आलाच नाही. जुनं कासं गोळा करणारे आले, त्यांनी मला काढून गाडीत टाकलं. तेव्हाही शिक्का जागच्या जागी होता, फक्त मातीला भेगा पडल्या होत्या.

मित्रांनो, मला जपा असं आता मी म्हणणार नाही, कारण जपायला मी उरणार नाही. एवढंच मागते. तुमच्याकडे रीत असेल, कायदाही असेल. दोन्ही ठेवा. पण एखाद्या बंद दाराआड कुणाची आई पडली असेल, तर आधी ते दार उघडा आणि हुकूम मागाहून येऊ द्या. तुम्ही उघडाल की नाही, मला माहीत नाही. आमच्या गल्लीत सगळी माणसं चांगली होती आणि एकानेही उघडलं नाही.